सांधे शांत, तरी रोग जागा

आमवाताने वर्षानुवर्षे गांजलेल्या मनुष्याचे सांधे हळूहळू दुखेनासे होतात, सूज ओसरते, आणि घरातील मंडळी सुटकेचा निःश्वास टाकतात. “पुष्कळ भोगले बिचारीने, आता दुखणे निवले,” असे शेजारीपाजारीही म्हणू लागतात. बहुतेक घरी हे समाधान रास्तच असते. कारण आजच्या औषधांनी हा रोग खरोखरच आटोक्यात येतो. परंतु काही थोड्या रोग्यांच्या बाबतीत नेमक्या याच शांततेच्या काळात रोग सांधे सोडून रक्तवाहिन्यांवर घाला घालतो. पायावर एखादा व्रण होतो, पाऊल नीट उचलत नाही, डोळा लाल होतो, अंगात बारीक ताप राहू लागतो. सांधे दुखत नसल्यामुळे या गोष्टींचा आमवाताशी काही संबंध असेल, अशी शंकाही कोणाला येत नाही. व्रणाला मलम, डोळ्याला थेंब, तापाला गोळी आणि अशक्तपणाला टॉनिक, असे चार उपाय चार ठिकाणी चालू राहतात, आणि मोलाचे दिवस हातचे निघून जातात.

या दुर्मिळ पण घातक उपद्रवाची लक्षणे प्रत्येक कुटुंबास ओळखता यावीत, एवढ्यासाठीच आम्ही हा लेख लिहीत आहोत. ही लक्षणे प्रयोगशाळेत दिसण्यापूर्वी घरच्या माणसांच्या डोळ्यांना दिसतात. म्हणून ज्या घरी आमवाताचा जुना रोगी आहे, त्या घरातील थोरामोठ्यांनी हा मजकूर लक्षपूर्वक वाचावा, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावा, अशी आमची विनंती आहे.

आमवात म्हणजे कोणता रोग?

आपल्याकडे सांध्यांच्या हरएक दुखण्यास ‘वात’ म्हणण्याची रीत आहे. उतारवयात गुडघे झिजून दुखतात तोही वात, आणि रक्तातील युरिक आम्ल वाढून पायाचा अंगठा सुजतो तोही वात. डॉक्टर ज्यास ‘ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस’ म्हणतात तो आमवात या दोहोंहून निराळा आहे. हे इंग्रजी नाव लंडनचे डॉक्टर आल्फ्रेड गॅरड यांनी १८५९ साली रूढ केले. या रोगात शरीराची संरक्षक शक्ती, जिने बाहेरच्या जंतूंशी लढावयाचे, ती भ्रमिष्ट होऊन स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर तुटून पडते. बहुधा दोन्ही हातांची बोटे, मनगटे आणि पायांचे लहान सांधे एकाच वेळी सुजतात. सकाळी उठल्यावर तासभर किंवा त्याहूनही अधिक वेळ हात आखडलेले राहतात. भाकरी थापणे, कळशी उचलणे, सदऱ्याची गुंडी लावणे ही साधी कामेही अवघड होऊन बसतात.

हजार प्रौढ माणसांत साधारणपणे पाच ते दहा जणांस हा रोग असतो, आणि पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दोन ते तीन पटींनी अधिक आढळतो. तो केवळ शहरी माणसांचा रोग आहे असेही नाही. पुणे जिल्ह्यातील भिगवण येथे १९९६ साली डॉक्टरांच्या एका पथकाने घरोघरी जाऊन सांध्यांच्या व स्नायूंच्या दुखण्यांची पाहणी केली, तेव्हा खेड्यात राबणाऱ्या माणसांतही आमवात असल्याचे दिसून आले.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. आमवात हा सांध्यांत दिसतो खरा, परंतु तो साऱ्या शरीराचा रोग आहे. फ्रान्सचा थोर चित्रकार रेन्वार याला वयाच्या पन्नाशीच्या सुमारास, म्हणजे १८९२ च्या आसपास, हा रोग जडला. त्याची बोटे वाकडी झाली, पुढे चालणेही बंद झाले. तरी १९१९ साली मृत्यू येईपर्यंत त्याने कुंचला खाली ठेवला नाही. परंतु त्याचे केवळ हातपायच दुखत होते असे नव्हे. १९०४ च्या सुमारास तो इतका कृश झाला होता की बसणेही त्याला कष्टाचे होई. सांध्यांत धुमसणारी आग अशी सर्वांगाला झळ पोहोचविते, आणि क्वचित ती रक्तवाहिन्यांपर्यंत जाऊन भिडते.

रक्तवाहिन्यांचा दाह

आमवाताच्या पुष्कळ रोग्यांच्या रक्तात एक विशिष्ट प्रतिद्रव्य सापडते. नॉर्वेचे डॉक्टर एरिक वालर यांनी १९४० साली ते दाखवून दिले. आज त्यास ‘ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर’ म्हणतात, आणि रक्ततपासणीच्या कागदावर ‘आर. ए. फॅक्टर’ असे जे लिहिलेले असते ते हेच. या प्रतिद्रव्याचे प्रमाण पुष्कळ वाढले, आणि ते दीर्घकाळ तसेच राहिले, म्हणजे कधीकधी त्याचे सूक्ष्म पुंजके लहान व मध्यम रक्तवाहिन्यांच्या भिंतींत साचतात. भिंत सुजते, आतील वाट अरुंद होते, आणि रक्त पुढे जाईनासे होते.

शेताचा पाट मध्येच गाळाने भरला म्हणजे वरच्या वाफ्यांना पाणी मिळते, पण शेपटाकडचे वाफे वाळून जातात. तद्वतच बंद झालेल्या रक्तवाहिनीच्या पुढे जे असेल ते उपाशी राहते. ती वाहिनी त्वचेची असेल तर त्वचा मरून व्रण होतो. मज्जातंतूची असेल तर पाय किंवा हात बधिर वा लुळा पडतो. डोळ्याची असेल तर दृष्टी धोक्यात येते. डॉक्टर या उपद्रवास ‘ऱ्हुमॅटॉइड व्हॅस्क्युलायटिस’ म्हणतात. एकाच रोगाची लक्षणे अशी निरनिराळ्या अवयवांत का उमटतात, याचे उत्तर या पाटाच्या दाखल्यात आहे.

हा उपद्रव बहुधा आमवात जडून दहा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लोटल्यावर होतो. ज्यांच्या कोपरांवर वा बोटांवर कातडीखाली टणक गाठी आलेल्या असतात, ज्यांच्या रक्तात वरील प्रतिद्रव्य फार वाढलेले असते, आणि जे विडी-सिगारेट ओढतात, त्यांना याचा धोका अधिक असतो. आमवात स्त्रियांत जास्त असला, तरी आमवाती पुरुषाला हा उपद्रव होण्याचा संभव आमवाती स्त्रीपेक्षा अधिक असतो. काही दशकांपूर्वी आमवाताच्या शंभर रोग्यांपैकी दोन ते पाच जणांस हा त्रास होत असल्याच्या नोंदी आहेत. मेथोट्रेक्सेट आणि त्यानंतर आलेली नवी औषधे प्रचारात आल्यापासून हे प्रमाण बरेच घटले आहे. परंतु ज्यांनी औषध मध्येच सोडले, किंवा ज्यांना ते कधी नीट मिळालेच नाही, त्यांना या सुधारणेचा लाभ मिळत नाही.

अंगावर दिसणाऱ्या खुणा

पहिली खूण सर्वसाधारण प्रकृतीची. रोगी कारणाशिवाय वाळू लागतो. भूक मंदावते, सायंकाळी अंग कोमट लागते, आणि काही काम न करताही थकवा येतो. घरचे म्हणतात, “वय झाले.” परंतु दोन-तीन महिन्यांत चोळी वा सदरा सैल पडू लागला, तर त्याचे कारण शोधलेच पाहिजे.

दुसरी खूण त्वचेची. नखांच्या कडेला, बोटांच्या टोकांवर मोहरीएवढे तपकिरी किंवा काळसर ठिपके दिसतात. काटा रुतून आत मोडला असावा असे वाटते. केवळ एवढेच ठिपके असतील आणि दुसरे काही नसेल तर ते पुष्कळदा फारसे घातक नसतात. तथापि ते डॉक्टरांना दाखवावेतच. पायाच्या नळीवर वा घोट्यापाशी जांभळे ठिपके उठतात आणि बोटाने दाबले तरी फिके पडत नाहीत. घोट्याच्या वरच्या बाजूस अकस्मात खोल व्रण होतो. त्याच्या कडा जणू कापून काढल्यासारख्या असतात, तो फार दुखतो, आणि मलमपट्टीने भरून येत नाही. बोट निळे-काळे व थंड पडू लागले, तर ती अतिशय गंभीर खूण समजावी.

तिसरी खूण मज्जातंतूंची, आणि आमच्या मते सर्वांत जास्त दुर्लक्षिली जाते ती हीच. पायाला प्रथम मुंग्या येतात, आग होते, मग पाय बधिर होतो. चप्पल पायातून निसटते आणि ते रोग्याच्या ध्यानीही येत नाही. पुढे पाऊल वर उचलत नाही. पायाची बोटे जमिनीला घासतात, उंबरठ्याला ठेच लागते, आणि पाऊल जमिनीवर आपटल्यासारखे पडते. कधी मनगटच असे लुळे पडते की हातातील पेला सुटून जातो. हे बहुधा एका बाजूस आधी, आणि काही दिवसांनी दुसऱ्या बाजूस, असे तुकड्यातुकड्याने होते. कधीकधी तर एका रात्रीत होते.

चौथी खूण डोळ्याची. साथीत ‘डोळे येतात’ तेव्हा चिपडे येतात, खाज सुटते, आणि घरातील दुसऱ्यासही लागण होते. येथे तसे नसते. डोळ्याचा पांढरा भाग गडद लाल किंवा जांभळट होतो, आणि वेदना डोळ्याच्या आत खोल, ठणका मारल्यासारखी असते. ती कपाळापर्यंत पसरते, रात्री झोपेतून जागे करते, आणि उजेड सहन होत नाही. क्वचित बुबुळाची कडा विरघळू लागते, आणि मग दृष्टी वाचविण्यासाठी हाती फार थोडा वेळ उरतो.

पाचवी खूण आतील अवयवांची. श्वास घेताना छातीत कळ येणे, धाप लागणे, पोटात असह्य दुखून शौचावाटे रक्त जाणे, या गोष्टी विरळा घडतात. परंतु घडल्यास तत्काळ इस्पितळ गाठावे.

या सर्व खुणा एकाच रोग्यात दिसतील असे नाही. पुष्कळदा दोनच दिसतात: पायावरचा व्रण आणि बधिर पाऊल, किंवा लाल डोळा आणि घटते वजन. जुना आमवात आणि वरीलपैकी दोन खुणा एकत्र आल्या, की संशय घ्यावा. आणि लुळे पाऊल, काळे पडणारे बोट किंवा खोल ठणकणारा डोळा असेल, तर दुसऱ्या खुणेची वाट न पाहता त्याच दिवशी निघावे.

गैरसमज आणि घातक उपाय

बधिर पाय व भरून न येणारा व्रण यांची आपल्या समाजात दोन कारणे अधिक परिचयाची आहेत: मधुमेह आणि कुष्ठरोग. यामुळे काही कुटुंबे भीतीने वा लाजेने रोग्याला घरातच दडवून ठेवतात. हे सर्वस्वी अनुचित होय. कुष्ठरोग आज औषधाने पूर्ण बरा होतो. त्यात लपविण्याजोगे काही नाही. शिवाय बधिर पाऊल कुष्ठाचे, मधुमेहाचे की रक्तवाहिन्यांच्या दाहाचे, हे तपासणीवाचून कोणालाही सांगता येणार नाही, आणि तिहींचे उपचार वेगळे आहेत. आमवाताचा दाह संसर्गजन्य नाही. रोग्याचे ताट-वाटी वा अंथरूण निराळे करण्याचे काहीच कारण नाही.

काही घरगुती उपाय सद्हेतूने केले जातात, परंतु अपाय करतात. बधिर पायाला गरम विटेचा वा वाळूचा शेक दिल्याने कातडी भाजते आणि रोग्याला कळतही नाही. व्रणावर पाला वाटून घट्ट बांधल्याने आधीच थोडे असलेले रक्त आणखी अडते आणि जखमेत जंतू शिरतात. विडी-तंबाखू तर सर्वथा वर्ज्य करावी. आमवात आणि हा दाह, दोहोंचाही धोका धूम्रपानाने वाढतो.

आणखी एका गोष्टीविषयी आम्हांस विशेष इशारा द्यावयाचा आहे. बाजारात, जत्रेत वा टपालाने ‘वातावरील रामबाण’ म्हणून बिननावाच्या पुड्या आणि गोळ्या विकल्या जातात. त्या घेतल्यावर दोनच दिवसांत रोगी चालू लागतो, आणि विक्रेत्याची कीर्ती पसरते. अशा पुड्यांत पुष्कळदा छुपे स्टिरॉइड मिसळलेले असते. त्याने सूज तात्पुरती दबते, परंतु मूळ रोग आत वाढतच राहतो; हाडे ठिसूळ होतात, रक्तदाब व साखर वाढते. शिवाय अनेक महिने घेतलेले स्टिरॉइड एकाएकी बंद केल्यास जिवावर बेतू शकते. कोणी अशी पुडी घेत असेल, तर ती गुपचूप फेकून देऊ नये. ती सोबत नेऊन डॉक्टरांना दाखवावी आणि किती दिवस घेतली ते खरेखरे सांगावे.

इस्पितळात काय होते?

हा रोग गावच्या दवाखान्यात ओळखता आला, तरी त्याचा उपचार मोठ्या इस्पितळातच व्हावा लागतो. बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, तसेच बेळगाव, वडोदरा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबाद येथील वैद्यकीय महाविद्यालयांची इस्पितळे येथे मेडिसिन विभागात प्रथम जावे. तेथे रक्त व लघवी तपासतात, दाहाचे प्रमाण पाहतात, कावीळ ‘ब’ व ‘क’ यांची तपासणी करतात, आणि मज्जातंतूंतून विजेचा सूक्ष्म प्रवाह सोडून ते काम करतात की नाही हे पाहतात. व्रणाच्या कडेचा किंवा पायातील एका बारीक मज्जातंतूचा छोटासा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे, ही निदानाची सर्वांत खात्रीची रीत आहे. “तुकडा काढतात म्हणजे कॅन्सरच असणार,” अशी समजूत करून घेऊन काही रोगी तेथूनच परत फिरतात. ही भीती निराधार आहे.

एकेकाळी या रोगापुढे डॉक्टरही हतबल होते. १९४८ साली अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी आमवाताच्या रोग्यास प्रथम कॉर्टिसोन दिले. या कार्याबद्दल त्यांना, केंडॉल व राइखस्टाइन यांच्यासह, १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. आजही गंभीर दाहात प्रथम त्याच जातीचे औषध मोठ्या मात्रेने देतात. त्याच्या जोडीला सायक्लोफॉस्फमाइड किंवा रितुक्सिमॅब यांसारखी औषधे शिरेतून दिली जातात. ही औषधे प्रबळ आहेत. त्यांच्यामुळे जंतूंचा प्रतिकार करण्याची शक्ती कमी होते. म्हणून ती देण्यापूर्वी क्षयरोग दडून बसला आहे काय हे पाहतात, आणि ती चालू असताना ताप आला तर एक दिवसही घरी थांबू नये. सायक्लोफॉस्फमाइड घेणाऱ्याने भरपूर पाणी प्यावे, कारण ते मूत्राशयास त्रास देते. आणि ज्या तरुण स्त्री-पुरुषांस पुढे संतती हवी आहे, त्यांनी संकोच न करता तसे आधीच सांगावे.

उपचार कधी सुरू होतो, यावर सारे अवलंबून आहे. जुन्या नोंदींप्रमाणे हा दाह सर्वांगात पसरलेल्या रोग्यांपैकी सुमारे एक तृतीयांश किंवा त्याहूनही अधिक रोगी पाच वर्षांच्या आत दगावत. लवकर औषध मिळाल्यास व्रण भरून येतात, डोळा वाचतो, आणि आयुष्य वाढते. मात्र मेलेला मज्जातंतू फार सावकाश सुधारतो. लुळे पाऊल उचलू लागण्यास कित्येक महिने जातात, आणि फार उशीर झाला असेल तर ते पूर्ववत होत नाही. मधल्या काळात पावलाला आधार देणारी पट्टी, व्यायाम आणि मऊ, बंद चपला यांचा पुष्कळ उपयोग होतो.

घरच्या मंडळींचे कर्तव्य

महिन्यातून एकदा, उजेडात, आमवाताच्या रोग्याचे हात व पाय नीट पाहावेत. नखांच्या कडा, बोटांची टोके, घोटे, पायाचे तळवे आणि बोटांच्या बेचक्या तपासाव्यात. डोळे मिटावयास सांगून कापसाचा बोळा पावलावरून फिरवावा आणि स्पर्श कळतो काय ते विचारावे. टाचांवर चालून दाखवावयास सांगावे. सांध्यांमुळे ते जमत नसेल, तर बसल्या जागी पाऊल वर उचलून दाखवावयास सांगावे. वजन करून ते एका वहीत लिहून ठेवावे. हे काम सुनेने, लेकीने, मुलाने किंवा शाळेत जाणाऱ्या नातवाने करावे. त्यास पाच-दहा मिनिटांपलीकडे वेळ लागत नाही.

यात अडचण रोग्याच्या स्वभावाची असते. वर्षानुवर्षे दुखणे काढलेली माणसे नवे दुखणे सांगावयास लाजतात. “आई, तुम्ही हल्ली पाय ओढत का चालता?” असे सुनेने विचारले, तर “काही नाही गं, झोपेत पायावर पाय पडला असेल,” असे उत्तर मिळते. आपला खर्च होतो, मुलांचा कामाचा दिवस बुडतो, हा सल त्यांच्या मनात असतो. म्हणून तक्रारीची वाट पाहू नये. आपणच विचारावे, आपणच पाहावे, आणि दवाखान्यात नेताना त्यांच्यामुळे काही खोळंबले असे त्यांना भासू देऊ नये.

डॉक्टरांकडे गेल्यावर केवळ पायाला जखम झाली आहे एवढेच सांगून थांबू नये. “यांना इतक्या वर्षांचा आमवात आहे, सांधे आता दुखत नाहीत, परंतु जखम भरत नाही आणि पाऊल बधिर झाले आहे,” असे सलग सांगावे. जुने कागद, रक्ततपासण्या आणि चालू औषधे सोबत न्यावीत. तरुण व कामात गढलेल्या डॉक्टरासही या एका वाक्याने रोगाचा माग लागू शकतो. आणि सांधे दुखायचे थांबले म्हणून आमवाताचे औषध आपल्या मनाने कधीही बंद करू नये. सांध्यांची ती शांतता पुष्कळदा त्या औषधानेच मिळालेली असते.